कॉलरबाईचा गुडघा

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत बायकोच्या माहेरचा, तिच्या मैत्रिणींचा, तिच्या गाढ झोपेचाही मी कधी हेवा केला नाही. केला तो तिच्या उजव्या गुडघ्याचा. हसा खुशाल.

मी एका बँडमध्ये पेडल स्टील गिटार वाजवतो. ही गळ्यात अडकवायची गिटार नव्हे. ती चार पायांवर टेबलासारखी आडवी उभी असते, वर दहा तारा. डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताच्या बोटांत तारा छेडायच्या नख्या. डावा पाय सूर बदलणाऱ्या पेडलांवर, उजवा आवाज कमीजास्त करणाऱ्या पेडलवर. एवढ्याने भागलं नाही म्हणून की काय, दोन्ही गुडघ्यांशी खाली लोंबणारे लिव्हर. गुडघ्याने लिव्हर बाजूला ढकलला की एखादी तार ताणली जाते किंवा सैल पडते, आणि कांडी जागची न हलवता कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ, बदलते.

उजव्या गुडघ्याचा लिव्हर मला वीस वर्षांत जमला नाही. पाय पेडलवर ठेवून गुडघा बाजूला न्यायला गेलो की आवाज तरी उडी मारायचा, नाहीतर सूर. मग मी कांडी सरकवून वेळ मारून न्यायचो. बँडमध्ये कोणाला पत्ता नव्हता. घरात मात्र आतल्या खोलीतून प्रश्न यायचा, "इथे घसरलात की मुद्दाम?"

ही प्रश्न विचारणारी बाई सोळाव्या वर्षी शर्टांच्या कारखान्यात लागली. आधी काजं, मग बाह्या, आणि पुढे बावीस वर्षं फक्त कॉलर. तिथे तिला कॉलरबाईच म्हणत. तिच्या मशीनवर दोन पाळ्यांत दोन बायका बसायच्या. टेबलाखाली गुडघ्याने ढकलायची एक पट्टी असे. ढकलली की कापड दाबून धरणारा पाय वर उचलायचा, आणि हात कापडावरून काढावे लागत नसत. एक बाई उंच, एक बुटकी, म्हणून दोघींनी आपापली जागा खडूने आखून ठेवलेली. आपली पाळी संपली की पट्टी दुसरीच्या खुणेवर सरकवूनच उठायचं, हा तिथला अलिखित नियम. जी विसरेल तिच्याशी आठवडाभर कोणी बोलत नसे. कारखाना बंद पडला, पण तिचा निळा खडू अजून एप्रनच्या खिशात असतो.

आमचा बँड वाजवतो तो हॉल फरशी बदलायला दोन महिने बंद झाला. एरवी अधूनमधून सरावापुरतं घरी येणारं वाद्य मुक्कामालाच आणलं, जिन्यालगतच्या खोलीत उभं केलं. बँडचा प्रमुख अकॉर्डियनवाला. त्याने हॉल पुन्हा उघडेल त्या शनिवारसाठी नवं गाणं बसवलं.

"सुरुवातीला तू एकटा," तो मला म्हणाला. "कांडी एका जागी, कॉर्ड फक्त उजव्या गुडघ्याने फिरव. नाही जमणार तर आत्ताच सांग, मी दुसरा माणूस बघतो."

"त्यात काय एवढं," मी म्हणालो. जीभ आपली, तिला काय हाड असतं?

सात आठवडे घासलं, नाही जमलं. एक दिवस पोहून लवकर परतलो, तर जिन्यातच तीच सुरुवात कानावर आली. संथ, गोल, कुठे खाच नाही. मला वाटलं, अकॉर्डियनवाल्याने दुसरा माणूस बघितला आणि थेट माझ्याच घरात आणून बसवला. खोलीचं दार ढकललं. आत आमची ही, चष्मा कपाळावर, अंगात एप्रन.

"तुमच्या नख्या मला सैल होतात," ती म्हणाली. "आत चिंधी घातली."

"हे कधीपासून?"

"हॉल बंद झाल्यापासून. तुम्ही पोहायला जाता तेव्हा. पण एवढंच येतं हं, पुढचं गाणं नाही येत."

"आणि गुडघा?"

"तो तर बावीस वर्षं हेच करत होता. कॉलरच्या टोकाशी आलं की ढकल, वळव, सोड. दिवसाला चारशे कॉलर, आणि प्रत्येकीला दोन टोकं."

मी "छान" म्हणालो आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते दुखतच राहिलं. ती पोळी लाटायला बसली तरी मला तिचा गुडघाच दिसे. माणसाने इतकं हलकं होऊ नये, पण मी झालो. त्याच संध्याकाळी वाद्याखाली हात घालून, चाचपत, पान्याने त्या लिव्हरची स्प्रिंग इतकी ताठ केली की तिने दमून नाद सोडावा. तिला फरकच पडला नाही. दुसऱ्या दिवशी मी विसरून सरावाला बसलो आणि माझाच गुडघा काळानिळा झाला. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात इतका चटकन पडलेला माणूस मी तरी पाहिला नाही. गुपचूप स्प्रिंग सैल केली.

"आज हलकी केलीत वाटतं," ती वाजवता वाजवता म्हणाली. वर पाहिलंही नाही.

बुधवारी ती खोलीचं दार लावून वाजवत होती आणि मी स्वयंपाकघरात कांदा चिरत बसलो होतो. बेल वाजली तसं तिचं वाजवणं थांबलं. दारात अकॉर्डियनवाला.

"पाच मिनिटं जिन्यात उभा राहून ऐकलं," तो म्हणाला. "वीस वर्षांत पहिल्यांदा तुझा उजवा गुडघा जागा झाला."

माझ्या डोळ्यांत कांद्याचं पाणी. त्याला वाटलं मी गहिवरलो. त्याच क्षणी खरं सांगायचं होतं. मी म्हणालो, "सराव, दुसरं काय." तेवढ्यात ही खोलीतून बाहेर आली. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या कांद्याकडे बघितलं, आणि चहा ठेवायला गेली. तो गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "मग शनिवारी काय करणार?"

"बघू," मी म्हणालो.

शनिवारी हॉल गच्च भरला होता. ही तिसऱ्या रांगेत बसली होती. हे वाद्य उभं करायचं तर आधी उलटं ठेवून पाय बसवावे लागतात; घरून निघताना पाय काढून पेटीत हिनेच भरलं होतं. पडद्यामागे मी ते उलटं केलं, दोन महिन्यांत पहिल्यांदाच. उजव्या लिव्हरच्या दांड्यावर निळ्या खडूच्या दोन रेघा होत्या. एक बरोबर लिव्हर उभा होता तिथे, दुसरी तीन बोटं डावीकडे. एकीपाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं 'हे', दुसरीपाशी 'मी'.

रोज तासभर वाजवून झाल्यावर ती स्क्रू सैल करून लिव्हर माझ्या खुणेवर आणून ठेवत होती. मी स्प्रिंग ताठ केली त्या दिवशीसुद्धा. आणि मला एकदाही कळलं नव्हतं की या वाद्यावर दोन पाळ्या चालतात.

मी लिव्हर तिच्या रेघेवर सरकवला, स्क्रू घट्ट केला आणि अकॉर्डियनवाल्याकडे गेलो.

"जिन्यात ऐकलंस तो मी नव्हतो," मी म्हणालो. "सुरुवात ही वाजवेल. पुढचं मी. नंतर मला ठेवायचं की नाही ते तू ठरव."

त्याने अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावर चढवला. मग म्हणाला, "बोलाव त्यांना. तुझं उद्या बघू."

तिला पडद्यामागे आणलं. खुर्चीवर बसताच तिने सवयीने गुडघा बाजूला नेला, आणि थांबली. लिव्हर तिच्याच जागी होता.

"तुम्ही सरकवलात?" तिने हळूच विचारलं.

"पाळी बदलली," मी म्हणालो.

पडदा उघडला. कांडी एका जागी राहिली, कॉर्ड वळली, आणि हॉलमध्ये खोकणारी माणसं खोकायची थांबली. माझ्या शेजारी ड्रमवाला वाकून म्हणाला, "वहिनी कुठे शिकल्या?"

"कॉलरवर," मी म्हणालो. पोटात अजून दुखत होतंच. सुरुवात संपली तशी टाळ्यांमध्ये तिने स्क्रू सैल केला, लिव्हर माझ्या रेघेवर आणला आणि मगच खुर्चीवरून उठली.