न सांगितलेली मानदुखी

पायलट म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस आरामात बसून आकाशात फिरतो. मी सोळा वर्षं सैन्यात हेलिकॉप्टर चालवलं आणि त्या सोळा वर्षांत उडताना कधी सरळ पाठीने बसलो नाही. उजवा हात मांड्यांमधल्या दांडीवर, डावा सीटच्या कडेच्या दांडीवर. त्यामुळे एक खांदा कायम उतरलेला आणि कणा वाकडा. खालून यंत्राची थरथर, डोक्यावर हेल्मेट, आणि अंधारात उडायचं असलं की त्या हेल्मेटवर दुर्बीण. सगळं ओझं मानेवर.

माझी मान दहाव्या वर्षापासून दुखायला लागली. पुढे डाव्या हाताची दोन बोटं बधिर व्हायची. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की डॉक्टर उड्डाण थांबवतात. काही महिन्यांपुरतंच, पण थांबवतात. पाचोऱ्याच्या मार्केट यार्डातल्या हमालाचा मुलगा पायलट झाला हे आमच्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. तो आता जमिनीवर बसून कागद हलवतो, हे कळलेलं मला चालणार नव्हतं. वर्षाच्या तपासणीला जायच्या आधी मी वेदनाशामक गोळ्या घ्यायचो. डॉक्टर विचारायचे, "मान, पाठ?" मी म्हणायचो, "ठणठणीत."

एकदा सुट्टीवर आलो होतो. मागून हाक आली की मी मान न वळवता आख्खा वळायचो. वडिलांनी, म्हणजे नानांनी, ते पहिल्याच दिवशी हेरलं.

"तुन्ही मान का बरं वळस नही?"

"उशी बरोबर नव्हती, नाना."

"चाळीस वरीस पोता उचलात मी. माले नको शिकाडू. डाक्टरले सांगं का नही?"

मी "सांगितलं" म्हणालो आणि उठून गेलो.

आमच्या तुकडीत माझ्याहून सहा वर्षांनी लहान एक पायलट होता. एका सकाळी सगळ्यांसमोर तो म्हणाला, "सर, माझी कंबर फार दुखतेय. मी आज डॉक्टरांकडे जातो." मी हसलो. म्हणालो, "सीटवर गादी घालून देऊ का तुला? की सोबत आजीला बसवू?" खोलीभर हशा पिकला. तो लाल झाला, पण गेला. पाच महिने त्याला उडू दिलं नाही. तो रोज एकटा मैदानाच्या कोपऱ्यात पोटाचे, पाठीचे व्यायाम करायचा. मी जाता-येता टोमणे मारायचो. सहाव्या महिन्यात तो पुन्हा उडायला लागला.

त्यानंतर वर्षभराने आम्ही दोघं डोंगरावरच्या एका चौकीत सामान उतरवायला निघालो. हेलिकॉप्टर माझ्या हातात होतं, तो शेजारच्या सीटवर. उतरताना शेवटच्या क्षणी वेग आवरायला डावी दांडी वर ओढायची होती. मी ओढली असं मला वाटलं. हात हललाच नव्हता. हेलिकॉप्टर दगडासारखं खाली जायला लागलं. "ताबा माझ्याकडे!" तो ओरडला आणि त्याने त्याच्या बाजूची दांडी खेचली. आम्ही जोरात आदळलो. हेलिकॉप्टर ज्यावर टेकतं ती खालची पट्टी वाकली. माणसं वाचली.

पंख थांबले. मग मी त्याला म्हणालो, "चौकशीत वाऱ्याचं सांगू. वारा अचानक पडला."

तो माझ्या डाव्या हाताकडे बघत होता. "सर, हा हात किती दिवसांपासून असा आहे?"

"तू वाऱ्याचं सांग."

त्याने चौकशीत खरं सांगितलं. माझ्या मानेतली चकती सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन वर्षं आधी आला असतात तर हाताची ताकद वाचली असती." आता डाव्या हाताने मला पाण्याची बादली उचलवत नाही. उडणं संपलं आणि मी जळगावला घर घेऊन राहिलो. नाना माझ्याकडे राहायला आले.

गेल्या हिवाळ्यात त्या पायलटचा फोन आला. धुळ्याला मित्राचं लग्न होतं, वाटेत भेटून जाईन म्हणाला. मी नानांना बजावलं, "मी बाहेरगावी गेलोय म्हणून सांगा." आणि आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

तो आला. नानांना खोटं बोलणं जमलं नाही. "घरमाच शे," ते म्हणाले. "पन भायेर येवाव नही तो."

मला वाटलं, तो निघून जाईल. तो बसला. नानांनी चहा टाकला. मग दोघं पाठदुखीवर बोलत राहिले. पोतं उचलताना गुडघ्यात कसं वाकावं हे नानांनी त्याला उठून दाखवलं असावं, कारण तो म्हणाला, "आबा, जपून, जपून." त्याने त्यांना झोपून करायचे दोन व्यायाम शिकवले. नाना हसत होते. माझ्यासमोर ते असे हसल्याचं मला आठवत नाही.

जाताना तो दाराजवळ आला. "सर, येतो मी," म्हणाला. मी दाराकडे पाठ केली.

तो गेल्यावर नानांनी दार ढकललं. "त्यानी तुन्हा जीव वाचाडा," ते म्हणाले, "आनि तू त्याले तोंड दखाडं नही."

त्याने केलं ते बरोबर होतं, हे मला त्या डोंगरावरच कळलं होतं. तरीही मी त्याला माफ केलेलं नाही. मी आधी हसलो होतो त्याला, आणि तो बरा झाला. हे मला सहन होत नाही, एवढंच खरं आहे.