पाहुणीच्या दिवशी दिलेला विस्तव

माघातलं धुकं चिखलोलीच्या पाड्यावर उतरलं होतं नि नवसी चुलीपुढं उकिडवी बसून फुंकणी फुंकत होती. भाकऱ्या झाल्या. आता निखारे राखेत झाकायचे नि अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात पळायचं. तेवढ्यात शेजारची तुळशी खापर घेऊन दारात.

"नवसे, इस्तू दे गं. पोराच्या तापापायी माझी चूल विझली."

नवसी थबकली. आज तिच्या सरूला बघायला वांगणीहून मुलाची आई, बनूबाई, यायची होती. अशा दिवशी चुलीतला विस्तव घराबाहेर देत नाहीत. पण तुळशीचं तोंड बघवेना. तिनं मोठाले निखारे खापरात घातले, उरलेल्यांवर घाईनं राख ओढली. सरूही जळणाची फाटी आणायला रानात निघाली.

दिवसभर हात पेट्या भरत होते, जीव चुलीत. विझला असला तर? बनूबाई म्हणे टेकल्या टेकल्या मिसरी भाजायला घेते. थंड चूल बघून तशीच उठली तर सरूचं काय? घरात काडी नव्हती. विस्तव राखणाऱ्या घराला ती लागतेय कशाला? इथं मात्र काड्यांचे ढीग. सुटीच्या आधी नवसीनं दोन-चार काड्या नि घासायच्या पट्टीचा तुकडा अंबाड्यात खोचला.

फाटकावर पहाऱ्याची वेणूबाई झडती घेत होती, अंबाडेसुद्धा चाचपायची. काम गेलं तर लग्न कशावर करायचं? नवसीनं डोकं कराकरा खाजवलं, काड्या नि पट्टी गटारात पडल्या.

"उवा झाल्या काय गं?"

"तुझ्याच चढल्यात, वेणूबाय!"

घरी पोचली तर बनूबाई चुलीतली राख उकरत बसलेली, रानातून आलेली सरू बाजूला उभी. "काडेपेटीवालीचं घर, नि चूल मेलेली?"

"शेजारणीला दिला सकाळी. पोर आजारी हाय तिचं."

"आजच्या दिसाला?"

"व्हय."

बनूबाईनं मिसरीची डबी कमरेला खोचली नि उठली. आता निघालीच, नवसीला वाटलं. पण बनूबाईनं कोपऱ्यातलं खापर उचलून सरूच्या हातात दिलं. "चल, दाखव ती शेजारीण."

दोघी गेल्या. नवसी दारापासून चुलीपर्यंत येरझाऱ्या घालत राहिली. तुळशीची जीभ तिखट. काय बोलेल कोण जाणे.

सरूच्या हातातलं खापर निखाऱ्यांनी लालभडक होऊन आलं. मागून बनूबाई. "पोराचा ताप उतरलाय. नि सून आमची इस्तू नीट धरते, हात हालत नाय."

 नवसीनं निखारे चुलीत ओतले, फुंकणी उचलली नि भाताला आधण ठेवलं.