लाख्याचा उजवा खांदा

शांतवन खडसेने आयुष्यभर एकच काम केले आणि ते नीट केले. एक आठवडा सोडून.

आर्णीपासून दोन कोसांवरच्या खैरगावात, बापूजी राऊतांच्या घरी, तो सव्वीस वर्षे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, होता. पहाटे वैरण, मग पाणी, मग जू. जू ठेवण्याआधी बैलाच्या खांद्यावरून तळहात फिरवायचा. जोत्याच्या पट्ट्याला पीळ दिसला की सोडून पुन्हा बांधायचा. कोणी घाई केली तर ऐकवायचा, "घाईनं तं मांजरही पिल्लू उलटं उचलते."

त्याचा बाप दाविदही त्याच घरचा सालदार. खडसे घराणे आजोबांपासून ख्रिस्ती. तरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दाविद बैलांची खांदशेकणी करायचा. गावात सगळेच करतात. कोमट तुपात हळद कालवायची, पळसाच्या पानाने बैलाचे खांदे चोळायचे, शेकायचे, आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून बैलाला जेवायला बोलवायचे. दाविद आरती करीत नसे, नारळ फोडीत नसे. खांदा मात्र मन लावून चोळायचा आणि मनातल्या मनात प्रभूचे आभार मानायचा. चर्चच्या मंडळीतल्या कोणी हटकलेच तर म्हणायचा, "वर्सभर माह्यासाठी वाह्यलं त्यानं. एक दिवस म्या त्याच्या खांद्याची चौकशी केली तं देव रागावन का?"

बापामागे शांतवनही तसेच करीत आला. मग सतरा वर्षांपूर्वी आर्णीच्या चर्चमध्ये बाहेरगावचे एक प्रचारक आले. तीन दिवस सभा झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारले, मूर्तिपूजकांच्या रीतीतून आजपासून कोण वेगळे होणार? हात वर करा. शांतवनने पहिला हात वर केला. सगळ्यांनी माना वळवून पाहिले. त्याला ते आवडले.

त्या वर्षी खांदशेकणीला तो गोठ्याच्या दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला.

"माह्याच्यानं होणार नाही, बापूजी. माहा विश्वास आड येते."

"तुह्या बापाच्या नाही आला," बापूजी म्हणाले. पण वाद घातला नाही. त्या साली दुसऱ्या जोडीवर सेवादास राठोड नावाचा तांड्यावरचा माणूस लागला होता. बापूजींनी चारही बैलांचे काम त्याच्यावर सोपवले.

सेवादासने ते केले. मध्येच मान वर करून म्हणाला, "शांतवनभाऊ, तुह्या लाख्याचा उजवा खांदा गरम लागते. आत गाठ हाय. हात लावून पाह्य बरं."

शांतवनने हात लावला नाही. म्हणाला, "तू शेक. तुहं चालू दे."

पोळा झाला. तिसऱ्या दिवशी कपाशीची शेवटची डवरणी, म्हणजे कोळपणी, होती. लाख्याच्या खांद्यावर हळद तशीच होती. हळद लागलेल्या खांद्याला हात लावायचा नाही, असे शांतवनने ठरवले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तळहात न फिरवता जू ठेवले. संध्याकाळी जू काढले तेव्हा खांदा फुटला होता. डॉक्टर आले, इंजेक्शने झाली. जखमेत किडे पडले आणि पोळ्यानंतर सहाव्या दिवशी लाखा बसला तो उठला नाही.

बापूजींनी दोघांना ओसरीसमोर उभे केले. "खांदा कोणं शेकला?"

"म्या," सेवादास म्हणाला. "अन् गाठ हाय म्हणून याले तवाच सांगतलं."

बापूजींनी शांतवनकडे पाहिले.

"मले काही सांगतलं नाही," शांतवन म्हणाला.

बस. चार शब्द. सेवादासचे साल अर्ध्यात मोडले. दिवाळीनंतर तो बायको-लेकरे घेऊन ऊसतोडीला गेला, त्यात मोठ्या पोरीची शाळा सुटली. आणि साल मोडले त्याच आठवड्याच्या रविवारी शांतवनने चर्चमध्ये उभे राहून साक्ष दिली, की गाव एकीकडे आणि मी एकीकडे, तरी मी बैलाच्या खांद्याला हळद लावली नाही. मंडळी मोठ्याने आमेन म्हणाली. तेव्हापासून दर पोळ्याला तो पांढरकवड्याला लेकीकडे जायचा. लोक म्हणायचे, शांतवन विश्वासाचा पक्का. खरे कारण वेगळे होते. पोळ्याच्या मैदानात काय म्हटले जाते ते त्याला ऐकवत नव्हते.

*

यंदा पोळ्याच्या आधीच्या रविवारी नव्या पाळकसाहेबांनी त्याला उपासनेनंतर थांबवले. "शांतवनबाबा, पुढच्या रविवारी तरुणांची सभा आहे. ती पोळ्याची साक्ष द्या. कार्यक्रमात तुमचं नाव टाकलं आहे."

शांतवन हो म्हणाला. घरी आला आणि जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही अर्धी भाकर ठेवली. त्याची बायको रूथबाई तिसऱ्या दिवशी ताट उचलताना म्हणाली, "साक्ष द्याची हाय का फाशी जाचं हाय? तोंड पाह्य कसं केलं."

त्याने तिला सगळे सांगितले. सतरा वर्षांत पहिल्यांदा. त्याला वाटले, ती रडेल, नाहीतर धीर देईल. तिने ताट मोरीत ठेवले आणि परत येऊन उभी राहिली.

"मले काहून सांगून राह्यले? मी का सेवादास हावो?"

"हलकं वाटन म्हणून."

"तुमाले हलकं वाटावं म्हणून मी वजन घेऊ? जा तिकडं."

*

बुधवारी तो सेवादासच्या तांड्यावर गेला. रस्त्यापासून पाऊण तास पायी. सेवादास अंगणात फवारणीचा पंप उघडून बसला होता. केस पांढरे झाले होते. त्याने शांतवनला ओळखले, पण बस म्हटले नाही. शांतवन उभ्यानेच बोलला. जे घडले तेच सांगितले, जास्त काही लावले नाही. तू सांगितले होते. मी ऐकले होते. बापूजींसमोर मी खोटे बोललो.

सेवादास पंपाची नळी पुसत राहिला. मग म्हणाला, "हे मले काहून सांगतं? मले तं ठाऊकच होतं. त्या दिवशी तिथं मीच उभा होतो."

सेवादासने नळी खाली ठेवली.

"माफी मांगाले आला का?"

"हो."

"तुमच्यात मांगतली की भेटते म्हणे." सेवादास हसला, ते हसणे चांगले नव्हते. "पोळ्यात तोरणाखाली माह्यावर झडती म्हणतात, ठाऊक हाय?"

शांतवनला ठाऊक होते. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की गावातले हजरजबाबी लोक एकमेकांवर जोडकविता म्हणतात, तिला झडती म्हणतात. शेवटी सारे मैदान आरोळी देते. सेवादासने ती झडती सपाट आवाजात म्हणून दाखवली:

"हळद लावली, तूप लावलं, बैल शेकला रातभर,
सेवादासच्या हाताखाली जगला नाही हप्ताभर!"

"माही याडी, माही माय, बाजाराले आर्णीले जाये तं पोट्टे मागून हेच म्हणत. याडी मरून गेली, झडती नाही मेली. माह्या नातवाले शाळेत म्हणतात आता. तुले माफी पाह्यजे न? ते मैदानात हाय. मैदानात जाऊन घे."

"पोळ्यात?"

"काहून? देव बाटते का तुहा?"

शांतवन परत फिरला. रस्त्याला लागेपर्यंत त्याच्या मनात एकच हिशोब चालला होता आणि त्याची त्याला शरम वाटत होती. पोळ्याच्या तोरणाखाली उभा दिसलो तर मंडळीत काय म्हणतील? माणसाचे नाव सतरा वर्षे चिखलात होते आणि हा अजून आपला सदरा सांभाळत होता. बाप सांगायचा, काम नीट झाले की नाही ते बैलाला विचार, बघ्यांना नको. तो आयुष्यभर वावरात बैलाला विचारत आला, आणि चर्चमध्ये बघ्यांना.

*

शुक्रवारी पोळा. दुपारी चारला मैदानात पंधरा-सोळा जोड्या होत्या. एकेकाळी साठ असत. बाकी ट्रॅक्टर. बापूजी आता ऐंशीचे, काठी टेकून आपल्या शेवटच्या जोडीजवळ उभे होते. बाजूला नातू रजत मोटारसायकलवर बसलेला. शांतवनला पाहून बापूजींनी डोळे बारीक केले.

"अरे! पांढरकवड्याची बस हुकली का काय?"

कोणी हसले. झडत्या सुरू होत्या. भगवानराव नावाचा गावचा झडतीवाला गळा साफ करून पुढे आला आणि ठरल्याप्रमाणे सुरू झाला, "हळद लावली, तूप लावलं..."

"थांबा," शांतवन म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण पोळ्यात झडती मध्ये कोणी तोडत नाही, म्हणून सगळे थांबले.

"ती झडती खोटी हाय. लाखा माह्या हातानं मेला. सेवादासनं खांद्यातली गाठ त्याच संध्याकाळी सांगतली होती. म्या खांद्याले हात लावला नाही, मोठेपणा म्हणून. गाठीवर जू ठेवलं. अन् बापूजीले सांगतलं का मले कोणं सांगतलं नाही. खोटं बोललो."

भगवानराव म्हणाला, "मंग आता झडती कोणावर म्हणाची?"

"माह्यावर म्हण. नाव बदलव."

काही पोरे हसली. म्हाताऱ्यांपैकी कोणी हसले नाही. बापूजी काठी टेकत त्याच्यासमोर आले. त्याला वाटले, मारतील. मारले असते तर बरे झाले असते.

"सतरा वर्सं," बापूजी म्हणाले. "रस्त्यात भेटला तं मी त्या माणसाचा रामराम घेत नोहतो. दोनदा त्यानं हात जोडले. मी मान फिरवली. तू पाह्यलं होतं न एकदा?"

"हो."

"अन् मंगही माह्या घरचं खाल्लं."

"हो, बापूजी."

बापूजींनी जोडीचा कासरा शेजारच्याच्या हातात दिला. "रजत, गाडी काढ. तांड्यावर जाचं हाय."

"आबाजी, आता? बैल पुजाचे राह्यले..."

"बैल थांबतात. काढ."

शांतवन दोन पावले पुढे झाला. बापूजी मोटारसायकलवर बसताना वळलेही नाहीत. "तू नको येऊ. तुह्यामुळं चुकलो, तरी मान म्याच फिरवली. ते माहं मले करू दे."

*

रविवारी तरुणांच्या सभेत त्याने हेच सांगितले. हळदीचेही सांगितले, वर केलेल्या हाताचेही, आणि तोरणाखाली जाऊन आल्याचेही. कोणी आमेन म्हटले नाही. मागच्या बाकावरचे दोन वडीलजन उठून बाहेर गेले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, ती नेहमीपेक्षा लांबली, आणि तिच्यात शांतवनचे नाव नव्हते. तो मान खाली घालून बसला. काम झाले होते. ते ज्या वेळी करायचे त्या वेळी झाले नव्हते, आणि ती सतरा वर्षे आता कोणी परत करू शकत नव्हते. ऊसतोडीला गेलेल्या त्या पोरीचे वर्गही नाही.

बाहेर चपला घालताना निकिता नावाची कॉलेजची पोर जवळ आली. "आजोबा, सेवादास भेटले का मंग तुमाले?"

"नाही."

"मंग माफ करतीन का ते?"

"ते त्याचं तो पाहीन. उद्या त्याच्या वावरात तुरीचं निंदण हाय, माणसं कमी हायेत म्हणे. मी जातो."

"निंदण? या वयात? अन् त्यानं वापस पाठवलं तं?"

शांतवनने चपलेचा पट्टा ओढून पाहिला. सैल होता. सोडून पुन्हा लावला.

"तं मंगळवारी जाईन."