धोंड्याला सात पूर्णांक दोन

ज्या दिवशी माझं सासरी धोंड्याचं जेवण होतं, त्या दिवशी सासरच्या पाटावर बसण्याआधी मी तीनदा जेवलो होतो.

हे बेफिकिरीने घडलं नाही. उलट सगळं काटेकोर नियोजन करून केलं होतं, आणि घोटाळा तिथेच झाला.

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि आमच्याकडे तो जावयाचा महिना. जावयाला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून वाढायचे, वर एखादी चांदीची वस्तू द्यायची. जावयाने फक्त खायचं. (इतकी सोपी जबाबदारी आपल्या समाजात दुसऱ्या कुणावर नाही!) गेल्या अधिकात मी नेमका पोट बिघडलेलं असताना गेलो आणि दोन धोंडे खाऊन हात धुतले. सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून बेलापुरात, म्हणजे सासरच्या गावी, कुणाचं लग्न असो की बारसं, सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, ऐकावं लागतं, "तुज्या नवऱ्याला आमच्या हातचं ग्वाड लागत न्हाई बाई!"

म्हणून या खेपेला दोन दिवस आधी माहेरी निघताना सुनंदाने मला दारातच बजावलं.

"पाच खायचे. आई आता थकलीय. पुढचा अधिक बघते का नाही, असं म्हणत असते. तिचं मन राखा."

"पाच," मी म्हणालो. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात आहे. आकडा दिला की मी पाळतो.

आता इथे दिगंबर येतो. दिगंबर माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्याकडे गाडी आहे आणि भूक आहे. त्याचे सासू-सासरे पुण्याला फ्लॅटात राहतात आणि अधिकात त्याला मिठाईच्या दुकानातले धोंडे कुरिअरने पाठवतात. त्यामुळे या महिन्यात तो जरा हळवा असतो.

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं टीव्हीवर एक विनोदी सिनेमा बघत होतो. दोन मित्र गाडी काढतात, गावोगावच्या हॉटेलांत जेवतात, जेवणाला नावं ठेवतात आणि एकमेकांची टर उडवतात. कथा एवढीच. दिगंबर सोफ्यावर ताठ बसला.

"अशोक, ह्या लोकांना ह्याचे पैसे मिळतात? आपण तर हे फुकट करतो की!"

"तू करतोस."

"उद्या मीच तुला बेलापूरला सोडतो. वाटेत तीन हॉटेलं. प्रत्येकाला दहापैकी मार्क द्यायचे. आपला पिक्चर!"

"अरे, उद्या माझं धोंड्याचं जेवण आहे."

"किती वाजता?"

"रात्री आठ," मी ठामपणे सांगितलं.

हे आठ मला कुणीही सांगितलेले नव्हते. गेल्या खेपेला मी कामावरून सुटून गेलो होतो आणि रात्री जेवलो होतो. म्हणजे धोंड्याचं जेवण रात्री असतं! (एका नोंदीवरून मी सगळा ताळेबंद काढला होता. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याला दोन महिने बोलत राहिलो असतो.) शेवटचं हॉटेल दुपारी बाराला उरकायचं. पुढे पचायला आठ तास. योजना निर्दोष होती.

सकाळी निघालो. विळद घाट उतरल्यावर पहिली मिसळ. मी रस्सा, मटकी, फरसाण, पाव आणि स्वच्छता असे वेगवेगळे मार्क देऊन सरासरी काढली.

"सहा पूर्णांक चार."

"चार कुठून आणलेस?" दिगंबरने विचारलं.

"सरासरीतून."

"मिसळीची सरासरी काढणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. माझे दहा!"

"आत्ताच दहा दिलेस, तर पुढच्याला काय देणार?"

"अकरा!"

मालक मागेच उभा होता. त्याने काळजीने विचारलं, "पावनं, सहा मंजी पास का नापास?"

दुसऱ्या हॉटेलात शेवभाजी आणि बाजरीची भाकरी. माझे सहा पूर्णांक नऊ, दिगंबरचे अकरा. (माणूस शब्दाचा पक्का.) राहुरी ओलांडल्यावर तिसरं. तिथे पिठलं, ठेचा आणि वर ग्लासभर लस्सी. मी सात दिले. दिगंबर मार्क देण्याच्या पलीकडे गेला होता. तो नुसता डोळे मिटून मान हलवत होता.

मी घड्याळ बघितलं. बाराला पाच कमी! नियोजन म्हणजे काय ते हे, असं मनात म्हणतोय तोच फोन वाजला.

"अहो, आहात कुठे? पाट मांडलेत!" सुनंदा.

"कशाचे?"

"कशाचे म्हणजे? जेवणाचे! धोंड्याचं जेवण दुपारचंच असतं की!"

"गेल्या वेळी तर रात्री…"

"गेल्या वेळी तुम्ही उशिरा आलात म्हणून आई रात्रीपर्यंत थांबली होती! आत्ताही सकाळपासून उपाशी बसलीय. जावई जेवल्याशिवाय घास घेणार नाही म्हणते. लवकर या, आणि चांगली भूक घेऊन या!"

भूक! ती आता सबंध तालुक्यात मिळाली नसती.

"दिग्या, मी मेलो."

"सोडा पी," दिगंबर म्हणाला.

मी सोडा प्यायलो. त्यामुळे आतली जागा वाढण्याऐवजी कमी झाली. मग दिगंबरने माझ्या पचनासाठी प्रत्येक खड्ड्यातून गाडी नेली. शेवटी बेलापूर जवळ आल्यावर मी खाली उतरून भर उन्हात रस्त्याने पळायला लागलो आणि दिगंबर मागून गाडी हळूहळू आणू लागला. एक मोटारसायकलवाला थांबला.

"गाडी बंद पडली का हो?"

"न्हाई," दिगंबर खिडकीतून म्हणाला, "मानूस बंद पडलाय."

घामाने निथळत मी सासूबाईंच्या दारात पोहोचलो. त्यांना भरून आलं. "बघ सुनंदे, जावईबापू पळत आले!" सुनंदानेही माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघितलं, की मला लग्नाचे दिवस आठवले.

"आन् हे पावनं?"

"मित्र आहे, सोडायला आला होता. लगेच निघेल," मी म्हणालो.

"निघतोय कशाला? बसा वो तुमी बी."

दिगंबर माझ्याआधी पाटावर होता.

समोर बघतो तर परातीत तेहतीस धोंडे आणि वर तुपाचा दिवा! मला गरगरलं. (ते दान म्हणून घरी न्यायचे असतात. हे मला माहीत होतं. माझ्या पोटाला नव्हतं.) सासूबाईंनी माझ्या ताटात पाच धोंडे ठेवले आणि तूप ओतायला सुरुवात केली. मी "बास" म्हणालो, तरी त्या ओतत राहिल्या. धोंडे बुडाले तेव्हा थांबल्या.

पहिला धोंडा मी आईवडिलांचं नाव घेऊन खाल्ला. दुसरा कुणाच्या आधाराने खाल्ला ते आठवत नाही. शेजारी दिगंबर सहाव्यावर होता. तिसरा उचलून मी हातात धरला. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. तेवढ्यात सासूबाई समोर येऊन बसल्या. पदर सावरला आणि मायेने विचारलं, "कसं झालंय, जावईबापू?"

आणि सकाळपासून जी सवय लागली होती, तिने घात केला.

"सात पूर्णांक दोन," मी म्हणालो.

सासूबाई पुढे वाकल्या.

"काय म्हनले?"

"दहापैकी, मावशी!" दिगंबरने घाईघाईने सावरलं. "आजचे सगळ्यात जास्त आहेत! मिसळीला तर ह्याने सहाच दिले."

सुनंदाच्या हातातली वाटी खाली आली. "कुठल्या मिसळीला?"

"तसं काही नाही वहिनी, फक्त मिसळ आणि शेवभाजी…"

आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण अर्धवट माहिती मला सहन होत नाही.

"आणि पिठलं," मी म्हणालो. "लस्सीसुद्धा."

सुनंदाने कपाळावर हात मारून घेतला. "आई तुमच्यासाठी उपाशी बसलीय हो!"

सासूबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांचा आवाज अगदी थंड होता. "त्ये ऱ्हाऊ दे. जावईबापू, माजे मार्क कुटं कापले त्ये सांगा."

दिगंबर मला पाय मारत होता. सुनंदा डोळ्यांनी नाही नाही म्हणत होती. एका म्हाताऱ्या जिवाचं तीन वर्षं दुखावलेलं मन राखायचं होतं, आणि त्यासाठी फक्त एक खोटं बोलायचं होतं. पण विचारलेल्या प्रश्नाला चुकीचं उत्तर देणं मला आजवर जमलेलं नाही.

"तूप दहा. पारी नऊ," मी मान खाली घालून म्हणालो. "पण पुरणात जायफळ जास्त झालंय. तिथे खूपच गेले."

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. आता परात डोक्यात बसते म्हणून मी डोळे मिटले.

"सुनंदे!" त्या गरजल्या. "मी सकाळधरनं वरडतीय का न्हाई, जायफळ लई घातलंस म्हनून? ऐकलंस का माजं? ऐकलंस का? आता तुजाच नवरा बोलला!"

मी डोळे उघडले. "पुरण… सुनंदाने केलं होतं?"

"मंग! माज्या हातनं आता कुटं पुरन वाटवतंय? पारी माजी. नऊ मिळाले का न्हाई?"

"हो. साडेनऊसुद्धा देता येतील," मी लगेच म्हणालो.

"जिभंचा मानूस हाय माजा जावई! उगाच म्हनत हुते, ग्वाड कळत न्हाई म्हनून!" सासूबाई आनंदाने पाटावर बसल्या आणि त्यांनी स्वतःला ताट वाढून घेतलं. "आता न्हाई मी मरत. पुढच्या अधिकाला समदं मीच करनार आन् दहाच्या दहा घेनार!"

सासूबाईंचं मन राखलं गेलं. सुनंदाचं मात्र पूर्णांकातही उरलं नाही आणि दशांशातही! परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर तेहतीस धोंडे मांडीवर घेऊन बसली होती. घर येईपर्यंत एकच वाक्य बोलली, "ह्यात माझंच पुरण आहे. रोज एक खायचा."

मी रोज खातो. जायफळाबद्दल विचारलं की "दहा" म्हणतो. खोटं बोलणं सवयीने जमतं, असं दिसतंय.

राहता राहिला हिशेब. मी पाच धोंड्यांचा शब्द दिला होता आणि खाल्ले दोनच. तिसरा अजून हातात होता, तो दिगंबरने "वाया जायला नको" म्हणून नेला. उरलेले दोनही त्यानेच उचलले. सासूबाई त्याच्याकडे बराच वेळ डोळे भरून बघत होत्या. पुढच्या अधिकात धोंडे खायला त्याला बोलवायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

मलाही बोलावलंय. गाडी चालवायला.