न तुटलेल्या अंगठ्याची भरपाई

लग्न होऊन मी बार्शीकडच्या खेड्यातून सोलापुरात आले, ती गिरणीच्या चाळीत. थोड्याच वर्षांत नवरा तापानं गेला. तेव्हा तान्ही मुलगी सासूच्या मांडीवर ठेवून मी गिरणीत सूत भरायच्या खात्यात कामाला लागले.

त्या खात्यात आम्ही सगळ्या बायकाच. साच्यावर, म्हणजे यंत्रावर, सूत एका रिळावरून दुसऱ्यावर गुंडाळलं जायचं आणि तुटलं की गाठ मारायची. दोन टोकं चिमटीत धरायची, अंगठा वळवायचा, ओढायचं. दिसायला पोरखेळ, पण भोंग्यापासून भोंग्यापर्यंत तोच अंगठा तसाच वळवायचा. जेवढं सूत भराल तेवढी मजुरी, त्यामुळं हात थांबवायची सोय नव्हती.

एका उन्हाळ्यात उजव्या अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागला. सासूनं एरंडाचं पान गरम करून बांधलं, हळद लावली. पुढं पुढं कळ कोपरापर्यंत जायला लागली. शेजारच्या साच्यावर एक तेलुगू बाई होती, वयानं मोठी. तिला आम्ही अक्का म्हणायचो. स्वतःचं काम सांभाळून ती माझे तुटलेले धागे जोडून द्यायची. पण किती दिवस देणार?

मी गिरणीच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर बाहेरगावी गेले होते. कंपाउंडरनं हात उलटसुलट करून पाहिला.

"जखम कुटं हाय?" तो म्हणाला.

"जखम न्हाय. आत दुखतंय."

"आतलं कोण बगणार?" त्यानं आयोडीन फासलं नि मला परत पाठवलं.

चाळीत एक गृहस्थ होते. त्यांचं एक बोट साच्यात गेलं होतं आणि नव्या कायद्यानं त्यांना भरपाई मिळाली होती. मी त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "कायदा अपघाताचा हाय, बाई. बोट गेलं तर मिळतंय. दुखतंय म्हणून कुणी देत न्हाय." मग हळू आवाजात म्हणाले, "करंगळी गेली तर फार नडत न्हाय. बग, विचार कर."

घरी मी हे बोलले नाही. पण ते डोक्यातून जाईना. पोर दुधाला रडायची, सासू आपल्या ताटातली भाकरी माझ्या ताटात सरकवायची, आणि मला माझी करंगळी दिसायची.

एके दिवशी सकाळी अंगठा वळेचना. माझ्या सगळ्या रिळांवर धागे लोंबायला लागले. साच्याच्या टोकाला दातेरी चक्रं फिरत होती. मी तिथं जाऊन उभी राहिले. हात वर केला. मला काही ऐकू येत नव्हतं, एवढंच आठवतंय.

"वद्दू!" अक्का तेलुगूत ओरडली, नको म्हणून. तिनं मागून येऊन माझं मनगट धरलं आणि मला ओढलं. मी रडायला लागले. तिला काय ते न सांगता कळलं. "डाक्टर आज आलाय. मी बगितले. चल," ती म्हणाली. साचे तसेच सोडून आम्ही दोघी निघालो. खात्याची मुकादमीण मागून हाका मारत होती.

डॉक्टर वयस्कर होते, तापट म्हणून प्रसिद्ध. त्यांनी टेबलावरची दोरी तोडून माझ्यापुढं टाकली. "गाठ मारून दाखवा." मी मारायला लागले, तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर आपली दोन बोटं ठेवली. आत करकर वाजत होतं. त्यांच्या बोटांनाही ते जाणवलं. मग बांबूची पट्टी लावून अंगठा बांधला, पायात वहाणा घातल्या आणि आम्हाला घेऊन थेट मॅनेजरसाहेबांकडं गेले.

साहेबांनी ऐकून घेतलं. "पण अपघात झालेला नाही, डॉक्टर. कायद्यात हे बसत नाही."

कुठून धीर आला कोण जाणे, मी म्हणाले, "साहेब, मगाशी मी बोट चक्रात घालणार होते. ह्या अक्कानं धरलं. घातलं असतं तर कायद्यात बसलं असतं की. आता बोट शाबूत हाय, म्हणून मला काईच न्हाय का?"

साहेबांनी अक्काकडं पाहिलं. तिनं मान डोलावली. डॉक्टर म्हणाले, "हिचं हे दुखणं साच्यानंच दिलंय. त्याला फक्त रक्त आलेलं नाही."

साहेब उठून खिडकीशी गेले. परत येऊन म्हणाले, "कायद्यानं नाही. पण हात बरा होईपर्यंत निम्मी मजुरी गिरणी देईल. नंतर हिला घडी खात्यात कापडाच्या घड्या घालायचं काम देऊ. गाठी नकोत."

मेहेरबानी होती ती, हक्क नव्हे. मला ते तेव्हाही कळत होतं. पण खरं सांगते, त्या घटकेला मला कशाचंच वाईट वाटलं नाही. माझी दहाही बोटं माझ्या हाताला होती.

अक्का साच्यावर परत गेली. मी भर दुपारी घरी आले तशी सासू घाबरून दारात आली. मी सगळं सांगितलं, चक्राचंही. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कितीतरी वेळ नुसतंच "बरं झालं गं, बरं झालं" म्हणत राहिली. मग चटई टाकली. पोरीला कुशीत घेऊन मी जी झोपले, ती संध्याकाळचा भोंगा झाला तरी उठले नाही. आणि मला कुणी उठवलंही नाही.