लाल रेघेच्या खाली

१९७९ साल, वैशाख महिना. आदल्या वर्षी यमुना दिल्लीत शिरली होती, म्हणून पुराची रेघ आखायला आम्हाला नदीकाठच्या एका लहान गावात पाठवलं. साहेब दुर्बिणीतून बघणार, मी समोर उंची मोजायची पट्टी धरून उभा राहणार. पट्टी धरणाऱ्याने हलायचं नसतं. कान मात्र मोकळे असतात, म्हणून किस्से साठत जातात. मी चौथी शिकलो, पण माझी पट्टी कधी कलली नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

साहेब म्हणजे तांबोळी, मिरजेचे. आमचं आपसात मराठी, गावाशी हिंदी. होडी चालवायला रामफल. त्याचं कच्चं घर पुरात गेलं होतं. मुलीच्या लग्नाआधी नवं उभं करायचं होतं. पण जागा रेघेच्या खाली आली तर बांधायची परवानगी नाही.

म्हणून तो रोज विचारायचा, "मराठा भाई, लाइन कहाँ तक आई?"

"येईल तेव्हा दिसेल," मी मराठीतच सांगायचो.

*

पहिल्या दिवशी गावाला वाटलं, आम्ही भरपाई वाटायला आलो. साहेबांनी विचारलं, "पानी कहाँ तक था?"

एकाने छाती दाखवली. दुसऱ्याने डोकं. तिसरा खाटेवर चढला आणि हात वर करून म्हणाला, "यहाँ तक, साहब!"

दुसऱ्या दिवशी कळलं की पाणी आलेल्या जागी घर बांधता येणार नाही. पूर लगेच ओसरला! तोच खाटेवरचा माणूस पायाचा अंगठा दाखवून म्हणाला, "बस, नाखून भीगा था."

साहेब म्हणाले, "शिंदे, पुढच्या पुराला याला नदीत उभा करू. एका दिवसात उतरवेल!"

*

मग एक खरं बोलणारी म्हातारी भेटली. तिच्या अंगणात पाणी म्हशीच्या पाठीला लागलं होतं. पक्की साक्ष! म्हैस आणली. ती माझ्या पट्टीला अंग घासायला लागली. मी हललो नाही. साहेबांनी आकडा लिहिला. तो आकडा धरून आम्ही दोन दिवस गावभर मोजत फिरलो.

तिसऱ्या दिवशी म्हातारी म्हणाली, "पर साहब, तब तो ये छोटी थी!"

वर्षभरात म्हैस हातभर वाढली होती.

साहेबांनी दोन दिवसांचं काम खोडलं. "शिंदे, साक्षीदार अल्पवयीन निघाला!"

शेवटी शाळेतलं कपाट सरकवलं. मागे भिंतीवर वाळलेल्या गाळाची सरळ रेघ होती. आम्ही तीच धरली आणि तिच्यावर लाल रंग मारला.

*

गावाच्या टोकाला सरकारी निशाणीचा दगड होता. त्याची उंची कागदावर ठरलेली, बाकी सगळी मापं त्याच्यापासून. गावच्या प्रधानाला, म्हणजे सरपंचाला, आपली दुकानांची जागा वाचवायची होती. आमच्या सुट्टीच्या दिवशी त्याने दगड उपटला, खाली चार थर विटा घातल्या आणि तो पुन्हा बसवला. त्याला वाटलं, सरकारी दगड वर गेला की गावही वर जाईल!

झालं उलटं. कागदावर दगडाची आणि आधीच मोजलेल्या लाल रेघेची उंची तीच राहिली. दगड वर आला, म्हणजे बाकी गाव त्याच्यापेक्षा तेवढंच खाली गेलं. प्रधानाच्या जागेत आधी घोट्याएवढं पाणी निघत होतं, आता गुडघ्याएवढं निघालं.

प्रधान धावत आला. "साहब, मैं तो और डूब गया!"

"पत्थर जहाँ था वहीं रख दो," साहेब म्हणाले. "निकल आओगे."

*

एकदा काठावर मागे सरकताना मी दलदलीत गेलो. छातीपर्यंत. साहेब ओरडले, "शिंदे, सोडा ती पट्टी!"

सोडली नाही. सरकारी वस्तू. रामफलने पट्टीचं दुसरं टोक धरलं आणि मला बाहेर ओढलं.

साहेब मला झापायला लागले तेव्हा तोच मध्ये पडला. "साहब, पट्टी छोड़ देता तो मैं क्या पकड़ के खींचता?"

उपकार मला पचत नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही.

*

मग रामफलच्या जागेची पाळी आली. मी पट्टी टेकवली. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मराठा भाई, इसके नीचे एक ईंट रख लो. कौन देखता है?"

"नहीं."

साहेबांनी आकडा सांगितला. जागा रेघेच्या हातभर खाली. रामफल होडीकडे गेला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

पाचव्या दिवशी मी साहेबांना विचारलं, "भराव घालून जोतं उंच केलं तर?"

"जागा कडेची आहे, भरावाने पुराचं पाणी अडणार नाही. जोतं रेघेच्या वर आलं तर मी सही करतो."

मी पंधरा दिवसांची रजा टाकली. नोकरीतली पहिली. घमेलं आणि फावडं घेऊन रामफलच्या झोपडीपुढे उभा राहिलो.

"ये क्या?"

"ईंट पट्टी के नीचे नहीं, घर के नीचे रखते हैं."

तो, मी आणि त्याची मुलगी. पंधरा दिवस माती वाहिली, धुम्मस मारून घट्ट बसवली, कडेने विटा रचल्या. सोळाव्या दिवशी हात धुतले आणि जोत्यावर पट्टी धरली. रामफल मुलीचा हात धरून बाजूला उभा. साहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला. काढला. पुन्हा लावला.

"शिंदे, वर आहे! चार बोटं वर!"

रामफल माझ्याकडे वळून काहीतरी बोलायला लागला.

"फिटलं," मी म्हणालो, आणि पट्टी मिटली.