‘हळू बोला’ची पाटी

मंडळी, सोलापुरातल्या एका खाजगी शाळेत मुलांच्या मनातलं ऐकून घेणं हे माझं काम. माझ्या खोलीत पाटी होती, ‘कृपया हळू बोला’.

आठवीतली एक मुलगी परवा म्हणाली, “पप्पा घरी सारखे ओरडतात. मी बोलणंच सोडलंय.” म्हणून आज वडिलांना बोलावलं. रागावर काय काय सुनावायचं, ते मी ठरवूनच बसले होते.

ते एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातून थेट आले. त्यांचा “नमस्कार म्याडम” शेजारच्या वर्गात गेला असेल. चेहरा मात्र हसरा.

मी हळूच विचारलं, “घरी ओरडता का?”

“आँ?” त्यांनी कान पुढे केला.

मी आवाज चढवून पुन्हा विचारलं.

“न्हाय ओ! लूमच्या आवाजात असंच बोलाय लागतंय की. पोरगीच माज्याशी बोलत न्हाय.”

शेजारी बसलेली मुलगी पुटपुटली, “बोलत होते की. तुम्हीच उत्तर देत नव्हता.”

ते त्यांना ऐकूच गेलं नाही. मी तिला म्हटलं, “मोठ्यानं सांग.”

ती ओरडली, “पप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही!”

त्यांचा हात कानाकडे गेला.

उद्या दोघं वडिलांचे कान तपासायला जाणार आहेत. पाटी मी काढून टाकली.

तुमच्या घरात हळू बोलून बोलून कोण गप्प झालंय?